मागितलेलं आणि सोबत आलेलं

एक वस्तू मागावी आणि तेवढीच पुडीत बांधून मिळावी, हे वाण्याच्या दुकानात होतं. शरीरात होत नाही. रसायनात तर मुळीच नाही.

*

जपानमधल्या चिबा विद्यापीठातून योशिओ होरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली एक छोटा शोधनिबंध छापला. बायकार्बोनेटच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, त्यात धातूचा पत्रा बुडवायचा, वीज जोडायची आणि काय तयार होतं ते मोजायचं. चांदी-सोन्यावर मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आला. शिसं आणि कथलावर फॉर्मेट. तांब्यावर मात्र मिथेन, आणि पुढच्या कामात एथिलीनही. जळून संपलेल्या कार्बनचं पुन्हा इंधन! तेव्हापासून जगभरचे रसायनशास्त्रज्ञ तांब्याच्या मागे लागले आहेत.

मला त्या कामात तांब्यापेक्षा हिशेब मोलाचा वाटतो. असे प्रयोग आधीही झाले होते, पण आत सोडलेल्या विजेतली बरीचशी कुठे गेली याचा पत्ता लागत नसे. होरींनी जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठल्या ना कुठल्या पदार्थाच्या नावावर मांडून दाखवला. हवं ते किती मिळालं हे कुणीही हौसेने सांगतो. नको ते किती मिळालं, हे न विचारता सांगणारा विरळा.

*

तांबं उदार आहे, हीच त्याची खोड. स्टॅनफर्डमधल्या एका गटाने २०१२ साली तांब्याच्या एकाच पत्र्यावर तयार होणारे सोळा पदार्थ मोजले. ज्याला एथिलीन हवं त्याला उरलेले पंधरा वेगळे करत बसावं लागतं. त्यालाही पुन्हा ऊर्जा लागते. शिवाय भोवती पाणीच पाणी, आणि विजेचा स्पर्श झाला की त्यातून हायड्रोजन निघायला टपलेला.

क्रिया घडवून आणणं सोपं. नको त्या क्रिया घडू न देणं हे खरं काम.

*

आता शरीराकडे. सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. त्यांतली तीस लाखांवर भारतात.

सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्याकडे जुन्या बायका सांगत. पोटातला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचा असतो, त्यामुळे हा हिशेब उलटा आहे. पण तो इतका टिकला कसा? जगलेल्या सातमाशा बाळाची गोष्ट घराण्यात तीन पिढ्या फिरते. न जगलेल्याचं नावही ठेवलेलं नसतं.

*

१९४० च्या दशकात अमेरिकेतल्या सुसज्ज इस्पितळांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं एक नवंच अंधत्व दिसू लागलं. बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये त्याची पहिली नोंद केली. साधनांची चणचण असलेल्या ठिकाणी ते फारसं आढळत नव्हतं, हा मोठाच दाखला होता. पण गरिबांच्या वॉर्डाकडे धडा घ्यायला कोण जातो? मेलबर्नच्या केट कॅम्पबेल गेल्या. १९५१ मध्ये त्यांनी बोट दाखवलं ते प्राणवायूकडे, बाळाला उबेत ठेवणाऱ्या पेटीत मोकळ्या हाताने सोडलेल्या प्राणवायूकडे. अमेरिकेतल्या अठरा इस्पितळांच्या एकत्रित चाचणीने १९५४ पर्यंत त्यावर शिक्कामोर्तब केलं. तोवर जगात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. १९५० मध्ये जन्मलेला गायक स्टीव्ही वंडर त्यांच्यातलाच.

प्राणवायू हे औषध आहे, असं कुणाला वाटलंच नव्हतं. औषध म्हटलं की मात्रा विचारली जाते. हवा म्हटलं की नळ सोडला जातो.

*

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन नावाचा बालरोगतज्ज्ञ होता. या अंधत्वावर एसीटीएच हे संप्रेरक देऊन बाळं बरी होतात असं त्याला दिसलं. बहुतेकांचे डोळे खरंच सुधारले. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता, आणि त्याचा सत्कारही झाला असता. सिल्व्हरमनने चाचणी लावली, तेव्हा कळलं की औषध न दिलेल्या बाळांचेही डोळे बहुतेक वेळा आपणहून सुधारतात. वर, औषध मिळालेल्यांत दगावलेली जास्त.

पुढे जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एका सल्फा औषधाची त्याने अशीच परीक्षा घेतली आणि १९५६ मध्ये ती छापली. संसर्ग टाळायला दिलेल्या औषधाच्या गटातच मृत्यू वाढले. मेंदूत कावीळ उतरली होती. सल्फा औषध रक्तातल्या प्रथिनावरून पित्तरंगाला हुसकावतं आणि तो मेंदूत शिरतो, हे स्पष्टीकरण नंतर आलं. मोजणी आधी आली होती. वैद्यकात असं होणं मला शहाणपणाचं वाटतं: कारण कळेपर्यंत मोजायचं थांबलं असतं, तर ते औषध अजून किती वर्षं चाललं असतं!

*

प्राणवायू आवळला. डोळे वाचले. सगळे खूश.

मग १९७३ मध्ये लंडनच्या केनेथ क्रॉस यांनी जन्माच्या पहिल्या दिवसातल्या मृत्यूंचे जुने आकडे काढून बसल्या बसल्या हिशेब केला: वाचलेल्या एकेका दृष्टीमागे सुमारे सोळा बाळं गेली असावीत. डोळ्यांची नोंद एका विभागात होती, मृत्यूंची दुसऱ्या. दोन्ही विभाग प्रामाणिक होते.

*

बाळाच्या रक्तात प्राणवायू किती आहे हे चटकन सांगणारं साधन, प्राणवायू आवळला त्या काळी, नव्हतं. ते आलं विद्युतरसायनातून. अमेरिकेतल्या लेलंड क्लार्क यांनी पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याआड प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड ठेवला. पडद्यातून झिरपलेला प्राणवायू त्यावर इलेक्ट्रॉन घेतो, आणि किती वीज वाहिली त्यावरून प्राणवायू किती ते कळतं. १९५६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोन वर्षांनी जॉन सेव्हरिंगहाउस यांनी, रिचर्ड स्टो यांची कल्पना सुधारून, कार्बन डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड सिद्ध केला. त्यात पडद्यामागच्या बायकार्बोनेटची आम्लता बदलते आणि आकडा हलतो. पुढे जर्मनीत रेनाटे आणि आल्बर्ट हुख यांनी तापवलेला इलेक्ट्रोड थेट बाळाच्या कातडीवर ठेवला. सुई टोचायची गरज उरली नाही. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी इतकी पातळ की त्या उबेनेही भाजण्याची भीती, म्हणून इलेक्ट्रोडची जागा सारखी बदलायची.

मोजण्याचंही काहीतरी सोबत येतं.

*

बायकार्बोनेट, पडदा, इलेक्ट्रोड, कार्बन डायऑक्साइड. होरींच्या भांड्यात तेच होतं आणि बाळाच्या पाळण्याशेजारच्या यंत्रातही. एक त्या वायूला फक्त विचारतं, दुसरं त्याला बदलू पाहतं. विचारणं साठ-सत्तर वर्षांत घरच्यासारखं झालं. बदलणं अजून प्रयोगशाळेबाहेर फारसं पडलेलं नाही.

*

२०१० साली अमेरिकेतली ‘सपोर्ट’ चाचणी प्रसिद्ध झाली. चोवीस ते सत्तावीस आठवड्यांची बाळं. एका गटात रक्तातल्या प्राणवायूची पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवायची, दुसऱ्यात ९१ ते ९५. परिचारिकांना कोण कुठल्या गटात ते कळू नये म्हणून ऑक्सिमीटर मुद्दाम बिघडवलेले होते. दोन्ही गटांत ते अदमासे सारखाच आकडा दाखवत. खरं कळावं म्हणून यंत्राला खोटं बोलायला लावलं.

कमी पातळीच्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार ८.६ टक्के, जास्त पातळीच्या गटात १७.९. मृत्यू मात्र कमी पातळीत १९.९ टक्के आणि जास्त पातळीत १६.२. क्रॉसने सदतीस वर्षांपूर्वी बसल्या बसल्या काढलेलं उत्तर! आकडे वेगळे, दिशा तीच.

पुढे अमेरिकेत वाद पेटला: आईबापांना संमतिपत्रात मृत्यूचा धोका नीट सांगितला होता का? वाद रास्त होता. पण त्याच वेळी चाचणीबाहेरच्या हजारो बाळांना त्या त्या डॉक्टरच्या सवयीनुसार कमीजास्त प्राणवायू मिळत होता, आणि त्यासाठी कुणी संमतिपत्र मागत नव्हतं. सवयीला सही लागत नाही.

*

सोबत आलेलं नेहमी वाईटच असतं असं नाही.

न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स प्रसूती सुरू कशाने होते हे शोधत होते. मेंढीच्या पोटातल्या कोकराला त्यांनी स्टेरॉइड दिलं. कोकरू वेळेच्या फार आधी जन्मलं, ही त्यांची अपेक्षा होती. ते श्वास घेत होतं, ही नव्हती. इतक्या कोवळ्या फुप्फुसांत हवा शिरायलाच नको होती. दुसरा एखादा प्रसूतीचं निरीक्षण वहीत लिहून मोकळा झाला असता. लिगिन्सनी फुप्फुसांकडे पाहिलं. १९६९ मध्ये कोकरांवरचं काम छापलं, आणि रॉस हॉवी यांच्यासोबत ऑकलंडमध्ये २८२ बायकांवर चाचणी घेऊन १९७२ मध्ये निष्कर्ष मांडला: अकाली प्रसूतीची शक्यता दिसताच आईला इंजेक्शन दिलं की बाळाच्या श्वासाचा आजार घटतो, मृत्यूही घटतात.

स्वस्त औषध, सोपं इंजेक्शन, स्पष्ट पुरावा. तरी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सर्वांनी वापरावं म्हणून सांगायला १९९४ उजाडलं. मधल्या काळात झालेल्या चाचण्या एकत्र मांडल्या तर उत्तर किती आधीच मिळालं होतं, हे दाखवणारी आकृती आज कॉक्रेन या संस्थेचं बोधचिन्ह आहे. एका दिरंगाईचं बोधचिन्ह व्हावं, हे मला आवडतं. बहुतेक संस्था सिंह किंवा मशाल घेतात.

*

या गोष्टीचा पुढचा भाग नागपूरला येतो.

औषध इतकं चांगलं, तर ते खेड्यापाड्यांत का पोचू नये? सहा देशांत चाचणी झाली, भारतातली केंद्रं बेळगाव आणि नागपूर. जवळपास एक लाख जन्म. आरोग्यसेवकांना अकाली प्रसूती ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. २०१५ मध्ये निकाल आला. वजनाने सगळ्यांत लहान बाळांत, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्यांच्यात, मृत्यू घटले नाहीत. आणि सगळी बाळं धरली तर मृत्यू वाढले: हजारी २३.९ होते तिथे २७.४. आयांमधला संसर्गाचा संशयही वाढला.

काय झालं? पोटात बाळ नेमकं किती आठवड्यांचं हे सोनोग्राफीशिवाय ठरवणं अवघड. ज्यांना गरज नव्हती अशा अनेकींना इंजेक्शन मिळालं. पुढची जन्मखोली, उबेची सोय, जंतुसंसर्गावरचा उपचार, हे ऑकलंडसारखं नव्हतं. औषध तेच होतं, त्याच्या मागे उभं असलेलं इस्पितळ गायब होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत पुन्हा चाचणी घेतली, तिचा निकाल २०२० मध्ये आला. या वेळी इस्पितळांतच, सोनोग्राफीने आठवडे ठरवून. बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले, आणि फायदा स्पष्ट दिसल्याने चाचणी मुदतीआधी थांबवली. दोन्ही निकाल खरे आहेत. पण २०१५ चा निकाल, फक्त लहान बाळांपुरता पाहिला असता, तर ‘उपयोग झाला नाही’ एवढ्यावर मिटला असता. मोठी बाळंही मोजली म्हणून ‘अपाय झाला’ हे कळलं.

*

जन्माआधी आईला दिलेलं स्टेरॉइड बाळाला तारतं. तेच कुळ जन्मानंतर थेट बाळाला दिलं की व्हेंटिलेटर लवकर सुटतो, आणि पुढे चालायला शिकण्याच्या वयात मेंदूचा पक्षाघात जास्त दिसतो. नव्वदच्या दशकात ते सर्रास दिलं गेलं. व्हेंटिलेटर सुटल्याची तारीख केसपेपरवर होती. चालायचं वय केसपेपरच्या बाहेर होतं.

*

आता वायूचा हिशेब.

तांब्याच्या किंवा चांदीच्या पत्र्यावर कार्बन डायऑक्साइडची क्रिया झाली की तिथे हायड्रॉक्साइड तयार होतं. ते शेजारून जाणाऱ्या ताज्या कार्बन डायऑक्साइडला पकडून कार्बोनेट करतं. कार्बोनेट दोन इलेक्ट्रोडांमधला पडदा ओलांडून पलीकडे जातं आणि तिथे पुन्हा वायू होऊन निसटतं. गणित साधं आहे. कार्बन मोनॉक्साइड बनवताना एक रेणू कामी येतो तेव्हा दुसरा असा फुकट जातो. जास्तीत जास्त निम्मा वायू हाती लागतो. एथिलीन बनवताना दोन कामी येतात, सहा जातात. म्हणजे पाव भाग. ‘नव्वद टक्के कार्यक्षमता’ असं निबंधाच्या सारांशात लिहिलेलं असतं तेव्हा ती इलेक्ट्रॉनांची असते. कार्बनची विचारली की लेखक खोकतात.

स्टॅनफर्डच्याच मॅथ्यू कॅनन यांनी जोशुआ रॅबिनोविट्झ यांच्यासोबत २०२० मध्ये एक लेख लिहून स्पष्ट म्हटलं की कमी तापमानाच्या या तंत्राचं भवितव्य याच एका अडचणीवर अवलंबून आहे. क्षेत्रात राहून क्षेत्राबद्दल असं लिहायला सिल्व्हरमनची जात लागते.

*

अजून एक हिशेब, कागदाच्या मागच्या बाजूला मावणारा. एक किलो कार्बन डायऑक्साइडचा मोनॉक्साइड करायचा आहे. ही क्रिया घडवणारा विद्युतघट तीन व्होल्टवर चालतो आणि एकही इलेक्ट्रॉन वाया जात नाही असं धरू. साडेतीन युनिटांहून थोडी जास्त वीज लागेल. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटामागे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातो. म्हणजे एक किलो गिळायला साडेतीन किलो ओकायचा.

सौर विजेवर हे गणित पालटतं. म्हणून घट किती चांगला, हा प्रश्न घटापाशी संपत नाही. वायर कुठे गेली आहे ते पाहावं लागतं.

*

२०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. तापमान एक अंशाने वाढलं की अकाली प्रसूतीची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी वाढते. धुराड्याचं आणि पाळण्याचं खातं वेगळं ठेवणं ही आपली सोय होती.

*

मंगळावर ‘मॉक्सी’ नावाचं एक छोटं यंत्र होतं, पर्सिव्हिअरन्स गाडीच्या पोटात. तिथली हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची. ती सुमारे आठशे अंशांना तापवून, विजेने फोडून यंत्राने प्राणवायू काढला. २०२१ ते २०२३ मध्ये सोळा खेपांत मिळून १२२ ग्रॅम. सोबत निघालेला कार्बन मोनॉक्साइड मंगळाच्या हवेत सोडून दिला.

पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांत नेमकं उलट. मोनॉक्साइड जपून घेतात, आणि दुसऱ्या पत्र्यावरचा प्राणवायू, ज्यावर विजेचा मोठा वाटा खर्च होतो, तो बहुधा खिडकीबाहेर. मुख्य काय आणि कचरा काय, हे रेणूला ठाऊक नसतं.

*

बोगोट्यामध्ये १९७८ साली पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन-तीन बाळं. एडगर रे यांनी बाळाला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सांगितलं. मागितली होती ऊब. सोबत दूध आलं, संसर्ग घटला, आणि आईला आत यायला परवानगी मिळाली. हे शेवटचं सोबत आलेलं मला सगळ्यांत मोठं वाटतं, कारण तोवर अतिदक्षता विभागाच्या दारावर आईलाच जंतूंच्या यादीत टाकलेलं होतं.

बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मतःच हे सुरू केलं तर? दिल्लीचं सफदरजंग आणि आफ्रिकेतली चार इस्पितळं मिळून चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ वर. हीसुद्धा मध्येच थांबवावी लागली, फायदा दिसला म्हणून.

*

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत काय केलं, हे आता पाठ्यपुस्तकात आहे. गावच्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं. ती घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करी, श्वास मोजी, ऊब देई, वेळ पडली तर इंजेक्शनही देई. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. लोक इंजेक्शनबद्दल बोलतात. मला वही महत्त्वाची वाटते. त्या गावांत जन्मलेलं आणि गेलेलं प्रत्येक मूल लिहिलं जात होतं. नंतर ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रात प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी कागदांवरच्या मृत्यूंपेक्षा किती जास्त आहेत हे मांडलं, तेव्हा सरकारची पंचाईत झाली ती याच वहीमुळे. न लिहिलेल्या मृत्यूवर उपाय सुचवता येत नाही, आणि न लिहिणाऱ्याला तो सुचवावाही लागत नाही.

*

लिगिन्स आणि हॉवी यांच्या चाचणीतली बाळं अजूनही मोजली जातायत. तिशीत त्यांना पुन्हा बोलावून रक्तदाब, साखर, फुप्फुसं तपासली. २००५ च्या निष्कर्षात साखरेच्या चाचणीत इन्सुलिनचा किंचित फरक सापडला, हृदयाच्या बाजूने फारसं काही नाही. पन्नाशीतही त्यांचा माग काढला.

कार्बन डायऑक्साइडच्या घटांवरचे निबंध बहुतेक वेळा काही तासांवर थांबतात, फार धीराचे असले तर काहीशे किंवा हजारावर. कारखान्यात घट वर्षानुवर्षं चालायला हवा. पुढे काय होतं ते या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असतं: वायूच्या वाटांत कार्बोनेटचे क्षार साचतात, सच्छिद्र इलेक्ट्रोडमध्ये पाणी शिरतं, तांब्याचा पृष्ठभाग बदलतो, आणि एथिलीन उतरून हायड्रोजन चढत जातो. तो चढता आलेखही, घट बंद पडेपर्यंतचा, लेखकांनी जोडावा अशी अट शास्त्रीय मासिकांनी घालावी. दोन पानं जास्त लागतील, एवढंच.